शरमिंदे साहेबांची तिसरी तार

आमच्या एक्स्चेंजात कुणाचा ट्रंक कॉल बोलता बोलता तुटला की शरमिंदे साहेबांचे कान लाल व्हायचे. चेहरा नाही, फक्त कान. मग ते उठायचे, खुंटीवरची टोपी घालायचे आणि ज्याचा कॉल तुटला त्याच्या घरी किंवा दुकानात जाऊन उभे राहायचे. "लय शरमिंदा हाय मी. तुमचं बोलणं अर्धं राहिलं." समोरचा माणूस बिचारा गांगरून जायचा. सरकारी माणूस आपण होऊन घरी येतो आणि वर माफी मागतो, हे आमच्या भागात कुणी पाहिलेलंच नव्हतं. एका म्हातारीनं तर खाकी कपड्यातला माणूस दारात बघून, मुंबईचा लेक गेल्याची खबर आली असं समजून गळा काढला होता. तिची समजूत घालता घालता साहेबांना दुपार झाली, आणि आपल्यामुळे म्हातारी रडली म्हणून परत आल्यावर ते जेवले नाहीत.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. ते मूळचे राणीसावरगावचे, शिकले निजामाच्या काळात, उर्दू शाळेत, त्यामुळे लाज या शब्दापेक्षा शरम त्यांच्या जिभेवर आधी यायची. दिवसातून इतक्या वेळा ते शरमिंदे व्हायचे की स्टाफनं तेच नाव पाडलं. नव्यानं आलेल्याला ते आडनावच वाटायचं. एकदा औरंगाबादहून आलेले एक मोठे अधिकारी दिवसभर त्यांना "मिस्टर शरमिंदे, मिस्टर शरमिंदे" म्हणत राहिले, आणि आम्ही पोरी बोर्डाआड तोंडात पदर कोंबून हसत होतो. साहेबांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. का हो, म्हणून विचारलं तर म्हणाले, सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्याला शरम वाटली असती.

मी तेव्हा बोर्डावर ऑपरेटर होते. गाव जिंतूर तालुक्यातलं, बोरीकडच्या बाजूचं, मोठं, बाजाराचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर गावाला राग येईल, आणि त्या गावात माझं माहेर आहे. साहेबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, अण्णा म्हणजे माझे वडीलही गेले. राग धरायला आता तसं दोघांपैकी कुणी नाही. तरी हात आखडतोच.

एक्स्चेंज म्हणजे काय, तर पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची जागा. एकीत बोर्ड, दुसरीत साहेबांचं टेबल आणि लोकांना बसायला एक बाकडं. गावातून परभणीला जायला तीन तारा होत्या. आज हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण तेव्हा सगळ्या गावाचं जगाशी बोलणं त्या तीन तारांवरून चालायचं, आणि एका तारेवरून एका वेळी एकच कॉल. आणि त्यातही वाटण्या झालेल्या. पहिली तार कचेऱ्यांची, दुसरी अडत्यांची, तिसरी बाकीच्या सगळ्यांची. असं कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण आमच्या आधीच्या ऑपरेटरांपासून तसंच चालत आलेलं. तिसरी बंद पडली की बाकड्यावरची माणसं दिवस दिवस ताटकळायची, आणि शेजारची दुसरी तार बाजार बंद म्हणून रिकामी लोंबकळत असायची.

साहेब बदलून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे पाहिलं. एक बाई परभणीच्या दवाखान्यात असलेल्या नवऱ्याची खबर घ्यायला सकाळपासून बसली होती. तिसरी तार मेलेली. साहेब बोर्डामागं येऊन उभे राहिले, दुसऱ्या तारेच्या भोकाकडं बोट केलं आणि मला विचारलं, ही चालू आहे ना? मी म्हटलं, चालू आहे, पण अडत्यांची आहे. साहेबांचे कान पेटले. "तार रिकामी बसली अन् माणूस ताटकळायलाय. ताई, शरम कुणी वाटून घ्यायची सांगा." त्यांनी स्वतः कॉल जोडायची दोरी उचलली आणि त्या बाईचा कॉल अडत्यांच्या तारेवर लावून दिला.

त्या दिवसापासून वाटण्या बंद. तीन तारांची मिळून एकच मोठी तार आहे असं समजायचं, ज्याचा नंबर येईल त्याला जी मोकळी असेल ती द्यायची. एक बंद पडली तर कॉल बाकीच्या दोन्हीवर, दोन पडल्या तर एकीवर. वेळ लागेल, पण गाव मुकं होणार नाही. अडते दुसऱ्या दिवशी घोळका करून आले, आमची तार, आमची तार करत. साहेबांनी त्यांना पाणी दिलं, त्यांची गैरसोय झाली म्हणून तीनदा शरमिंदे झाले, आणि एक इंच हलले नाहीत. "नंबर ज्याचा, तार त्याची," एवढंच म्हणत राहिले. महिन्याभरात अडत्यांच्याच लक्षात आलं की त्यांचेही कॉल पूर्वीपेक्षा लवकर लागायला लागलेत. मग ते गप्प झाले. खरं सांगायचं तर साहेबांचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

पण नुसतं आम्ही ठरवून भागत नव्हतं. परभणीच्या बोर्डावर त्या अजून तीन निरनिराळ्या ताराच होत्या. आम्ही पहिली मोकळी बघून धरायचो आणि त्याच क्षणी तिकडूनही कुणीतरी तीच धरायचं. मग दोघींची "हॅलो, कोण?" "तुम्ही कोण?" अशी जुंपायची आणि दोन्हीकडचे कॉल बोंबलायचे. साहेब एके दिवशी सकाळच्या गाडीनं परभणीला गेले, तिकडच्या बोर्डावरच्या बायकांजवळ खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसले आणि तोडगा काढून आले. आम्ही पहिलीकडून धरत जायचं, परभणीनं तिसरीकडून. मधलीवर गाठ पडलीच तर परभणीनं सोडायची. भांडण मिटलं. "जोड एका टोकाची नसती ताई," ते मला म्हणाले. "तिकडच्यानं पण मानावी लागती. न्हाई तर आपण आपलं जोडून बसायचं अन् तिकडं तुटलेलंच." हे ते तारांबद्दल म्हणाले होते. मला मात्र ते लग्न झाल्यावर बऱ्याचदा आठवलं.

रोज सकाळी बोर्ड सुरू करायच्या आधी साहेब तिन्ही तारांवरून परभणीला हाक मारायचे. पहिलीवर, मग दुसरीवर, मग तिसरीवर, तोच प्रश्न: "आवाज यायलाय का?" उत्तर आलं की तारेला जिवंत म्हणायचे. जिचं उत्तर येणार नाही तिच्या भोकात स्वतः तासून आणलेली लाकडी खुंटी ठोकायचे, म्हणजे चुकूनही कुणाचा कॉल तिच्यावर जाऊ नये. एकदा मी घाईत खुंटी काढून कॉल लावला, तो अर्थातच मेला, आणि साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. टोपी घालून त्या माणसाकडं माफी मागायला निघून गेले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

एवढी सगळी व्यवस्था करून एक गोष्ट मात्र साहेबांना खात होती. बोर्डावर तीन तारा एक झाल्या, पण बाहेर त्या तिघी एकाच रांगेतल्या खांबांवरून, एकाच सडकेनं परभणीकडं जात होत्या. एखादा खांब पडला की तिन्ही एकदम जमिनीवर. त्यांनी खात्याच्या मागं लागून तिसऱ्या तारेसाठी नवे खांब मंजूर करून घेतले. वाट ठरवली जुन्या गाडीवाटेची. ती ओढ्याच्या पलीकडून, वस्तीवरून फिरून पुढं बोरीच्या अंगाला लागायची. वस्ती म्हणजे कुणाची वस्ती हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथं चौथीपर्यंतची शाळा होती, तिथले गुरुजी त्याच वस्तीतले, बी. ए. झालेले. खांब तिकडून गेले की त्यांच्यावरूनच शाळेला एक फोन द्यायचा, असंही साहेबांनी अर्जात घालून ठेवलं होतं.

गाडीवाट आमच्या शेताच्या बांधानं जात होती. पाहणीच्या दिवशी साहेब टेप घेऊन आले, तर अण्णांनी त्यांना घरी बोलावलं. माझे अण्णा वाईट माणूस नव्हते, हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. दुष्काळात त्यांनी धान्याची कोठी उघडी केली होती. सगळी भावकी नको म्हणत असताना मला नोकरीला लावलं होतं. त्या दिवशी त्यांनी साहेबांना पाटावर बसवलं, फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा दिला. आणला मीच. चहा अर्धा झाल्यावर अण्णा सहज बोलल्यासारखं बोलले, की बांधावर खांब आले की औत वळत नाही. आणि मग आवाज जरा खाली घेऊन म्हणाले, "अन् तिकडून नेऊन करायचंय काय साहेब? त्या लोकायला कुणाला फोन करायचाय? हायेत त्या खांबांवर राहू द्या की."

साहेबांच्या हातात बशी होती. त्यांनी अण्णांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बशीकडं पाहिलं. "बघतो अण्णा," म्हणाले. चहा संपवला, सुशीला छान झालाय म्हणाले आणि गेले. तिसरी तार जुन्याच खांबांवर राहिली. नवे खांब एक्स्चेंजच्या मागं रचून ठेवले, त्यांच्यावर शेजारच्यांची धुणी वाळायला लागली.

अडत्यांच्या घोळक्यापुढं न हललेला माणूस अण्णांच्या एका कप चहापुढं हलला, याचं लोकांना नवल वाटेल. मला नाही वाटत. अडते भांडायला आले होते, आणि भांडणाऱ्यापुढं साहेब घट्ट असायचे. अण्णांनी पाट मांडला होता. आमच्याकडं शरमेच्या माणसाला भीडही तितकीच असते. ज्याच्या घरचं खाल्लं, ज्याची पोर आपल्या हाताखाली नोकरी करते, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. साहेबांसारखा माणूस आपल्या वडलांचा शब्द खाली पडू देत नाही, यानं मान ताठ झाली होती माझी. आज ती मान आठवली की वर करवत नाही.

मग नामांतराचा ठराव झाला तो पावसाळा आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं म्हणून सगळा मराठवाडा पेटला. आमच्या घरी बैठकीत रोज माणसं जमायची. अण्णांचं वाक्य ठरलेलं होतं, की नावाला आमचा विरोध आहे, जाळपोळीला नाही. सगळ्यांची तशीच वाक्यं ठरलेली होती. तरी सडकेवर झाडं आडवी पडायला लागली आणि कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी बोर्डावर होते. सकाळी तिन्ही तारांनी आवाज दिला होता. दुपारच्या सुमाराला एकाएकी तिन्ही गप्प झाल्या, एकीमागून एक नाही, एकदम. सडकेवरचा खांब गेला हे साहेबांना कळलं होतं. तेवढ्यात गुरुजी आत आले. सडक टाळून ज्वारीतून आले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. बाकड्यावर बसले नाहीत. "साहेब, परभणीला लावा. कलेक्टर, पोलीस, कुणी पण. माणसं जमायलीत. आज आमच्याकडं येणार, असं बोलायलेत."

साहेबांनी मला उठवलं आणि स्वतः बोर्डावर बसले. पहिलीवर हाक मारली. दुसरीवर मारली. तिसरीवर मारली. पुन्हा पहिलीवर. त्या मेलेल्या आहेत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी ते थांबेनात. "आवाज यायलाय का? परभणी, आवाज यायलाय का?" मला तिथं उभं राहवेना. शेवटी गुरुजींनीच विचारलं, "तीन हायेत न्हवं साहेब? तुमीच सांगायचे, एक पडली तर दुसरी."

"तीन हायेत," साहेब म्हणाले. मान वर न करता म्हणाले. "पण खांब एकच हाय."

गुरुजींनी मागच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. नवे खांब तिथंच रचलेले होते. साहेब म्हणाले, तुम्ही इथंच बसा, सरकारी जागा आहे, इथं कुणी येणार नाही. "माणसं तिकडं हायेत," म्हणून गुरुजी आले तसे ज्वारीतून परत गेले.

संध्याकाळी वस्ती जळाली. सडकेवरचा खांब पाडला होता, ओढ्यापलीकडच्या गाडीवाटेला मात्र कुणी हातही लावला नव्हता. तिसरी तार तिकडून गेली असती तर ती त्या दुपारी चालू असती, हे सांगायला खात्याचा माणूस लागत नाही. वस्तीतली माणसं लेकरंबाळं घेऊन ज्वारीत पडून राहिली म्हणून जीव वाचले. घरं गेली, शाळेची खोली गेली, बायकांनी वर्षभर साठवलेलं धान्य गेलं. जीव कुणाचा गेला नाही, यावर गाव पुढं कितीतरी दिवस स्वतःचीच पाठ थोपटत होतं. जाळणारे कोण होते ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या बैठकीत बसून गेलेली माणसं त्यांत होती.

नंतर खात्याचे अधिकारी चौकशीला आले. अज्ञात इसमांनी खांब पाडले, एक्स्चेंजची काही चूक नाही, असं त्यांनी लिहून आणलंच होतं. साहेब ऐकेनात. पाडणाऱ्यांनी पाडला, पण तीन तारा एकाच खांबावर मी ठेवल्या, हे लिहा, म्हणाले. कुणाच्या सांगण्यावरून ठेवल्या, असं अधिकाऱ्यानं विचारलं. मी बोर्डावर बसून ऐकत होते. साहेब म्हणाले, माझ्या सांगण्यावरून. अधिकारी वैतागला, हा ठपका तुमच्या नोकरीवर येईल म्हणाला. तो आला. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेल्या माणसाच्या कपाळी तो शेवटचा शेरा बसला, आणि अण्णांचं नाव कुठंच आलं नाही.

त्यानंतर एका दुपारी साहेब मला म्हणाले, वस्तीवर जायचंय, येता का? "एकट्याला जायची हिंमत होईना." त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. गुरुजी शाळेच्या जळक्या भिंतींवर पत्रे टाकत होते. साहेब खाली उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले की चूक माझी होती, खांब आले होते, मीच रोवले नाहीत, मी शरमिंदा आहे.

गुरुजी पत्र्यावरून खाली उतरले. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "शरम वाटायली तुमाला, ते दिसायलंय साहेब. पण तुमची शरम घेऊन मी काय करू? खांब कधी येणार, ते सांगा."

मी आजवर बऱ्याच जणांना माफी मागताना पाहिलंय. मागणारा हलका होतो आणि ज्याची मागितली त्याच्या गळ्यात ते ओझं पडतं. गुरुजींनी ते घेतलंच नाही. साहेबांनी टोपी घातली, माझ्याकडं पाहिलं आणि तिथून थेट आमच्या घराकडं चालायला लागले. मी मागून जवळजवळ पळत होते.

अण्णा ओसरीवर होते. या साहेब, या, म्हणत त्यांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं. साहेब अंगणातच थांबले. "चहा नको अण्णा. चहा घेतला की मला बोलता येत न्हाई." वरून भुरभुर पाऊस होता. खांब उद्यापासून गाडीवाटेनं रोवायचे आहेत, तुमच्या बांधावर तीन येतील, असं त्यांनी सांगितलं. अण्णांनी पुन्हा औताचं काढलं. मग म्हणाले, आता हा विषय कशाला, आम्ही काही जाळपोळ केलेली नाही.

"न्हाई केली," साहेब म्हणाले. "तुमी चहा पाजला अन् मी पिलो. त्याच्यानंच झालं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही मीच हा माणूस घरात आणला होता. मी म्हटलं, "येऊ द्या खांब, अण्णा." माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी ऐकला की नाही कुणास ठाऊक. साहेब मात्र हलेनात. भिजत उभे. कान लाल, टोपीतून पाणी निथळतंय, हात जोडलेले. बाजाराचा दिवस होता, सडकेनं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. अण्णांना कुणी दाराशी भांडलं असतं तर चाललं असतं, पण सरकारी साहेब हात जोडून अंगणात भिजतोय आणि आपण ओसरीवर कोरडे, हे त्यांना सोसवेना. शेवटी ते उठलेच. घाला खांब, म्हणाले, पण अंगणातून जा आधी. वस्तीसाठी नाही, इज्जतीसाठी सोडलं त्यांनी. पण सोडलं. माझ्याशी ते पुढं दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

खांब आले. तिसरी तार गाडीवाटेनं गेली आणि त्याच खांबांवरून शाळेला फोन गेला. पहिला कॉल गुरुजींनी एक्स्चेंजलाच केला. साहेब माझ्या शेजारी बसून ऐकत होते, इतके खुशीत की त्यांना मी कधी तसं पाहिलं नव्हतं. गुरुजींना त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, की आता दोन तारा सडकेनं, एक गाडीवाटेनं, कुठलाही खांब पडू द्या, परभणी लागणार म्हणजे लागणार. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् माझ्या शाळेपासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंत किती हायेत साहेब?"

"एकच हाय," साहेब म्हणाले.

"म्हंजी गावाला तीन वाटा, अन् आमाला एक. अन् ती पण गावातूनच." गुरुजी चिडून बोलत नव्हते. हिशेब समजून घेतोय असं बोलत होते. "राहू द्या. आवाज साफ यायलाय, ते बरं झालं."

साहेबांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या हाकांमध्ये एका हाकेची भर पडली. परभणीच्या तिन्ही तारा झाल्या की ते शाळेला हाक मारायचे. वस्तीला दुसरी तार मिळावी म्हणून त्यांनी अर्जही केले, पण एका फोनला दोन तारा कशाला, असं म्हणून खात्यानं ते परत पाठवले. खात्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब निवृत्त झाले. गावानं गावातल्या मोठ्या शाळेच्या पटांगणात मोठा निरोप समारंभ केला. अध्यक्ष अण्णा. अण्णांनी साहेबांना शाल पांघरली, नारळ दिला आणि भाषण केलं, की साहेबांमुळं आपल्या गावाचा फोन आता कधी बंद पडत नाही, आणि त्यासाठी लागणारे तीन खांब आपण स्वतःच्या बांधावर आनंदानं घेतले. आनंदानं, म्हणाले. मी बायकांच्या रांगेत बसले होते. मला तिथं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गुरुजी सगळ्यांत मागं, फाटकाजवळ उभे होते.

साहेब बोलायला उठले. त्यांना भाषण करता यायचं नाही. त्यांनी शाल सावरली. मग म्हणाले, "गावाला तीन वाटा हायेत. वस्तीला एकच हाय, अन् ती तुमच्या हातातून जाती. तोडू नका." एवढं बोलून खाली बसले.

साहेबांनी गावाचं कौतुक केलं असं लोकांना वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या अण्णांनी वाजवल्या. गुरुजींनी वाजवल्या नाहीत. मलाही वाजवता आल्या नाहीत.